‘आत्ताच’ म्हणजे नक्की कधी?



आपल्या होस्टेलमध्ये दिवसभरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता? ‘मेस’? ‘सबमिशन’? ‘झेरॉक्स’? मला विचाराल तर ‘आत्ता’! लाईन कधी गेली? आत्ता गेली. मग येईल कधी? आत्ता येईल. रूम-पार्टनर कुठंय? आत्ता तर इथेच होती. जर्नल झालं का? आत्ता करते. एकच शब्द, पण तो मागेही बोट दाखवतो आणि पुढेही. मराठीत त्यामुळे कुणाचं काही अडत नाही, कारण ‘गेली’ आणि ‘येईल’ ही क्रियापदं दिशा सांगून मोकळी होतात.

पंचाईत होते ती हा शब्द इंग्रजीत नेताना. ‘आत्ता’ म्हणजे ‘जस्ट नाऊ’ असं एकदा मनात पक्कं बसलं की मग ‘आय विल कम जस्ट नाऊ’, ‘आय हॅव डन इट जस्ट नाऊ’, ‘आय हॅव पास्ड ट्वेल्थ जस्ट नाऊ इन 2023’ अशी गाडी सुसाट सुटते. आणि समोर कुणी इंग्रजी शाळेतला बसलेला असला की हळूच हसू फुटतं. माझा आजचा मुद्दा या हसण्याबद्दल आहे. माझं स्पष्ट मत असं, की नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत योग्य शब्द निवडायला जी समज लागते ती मराठी शाळेतून आलेल्या मुलांकडे आधीपासूनच आहे. ती त्यांना कुणी दाखवून दिलेली नाही, इतकंच. आणि ही निवड नुसती मुलाखतीत भाव खाण्यापुरती नाही, इंजिनिअरच्या कामात तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो.

मी स्वतः कॉन्व्हेंटमधली. (आपल्या विदर्भात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तो भाग वेगळा!) आमच्याकडे नियम घोकून घेतला जायचा : ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ आले की ‘हॅव’ लावा. का लावायचा, हे विचारायची पद्धत नव्हती. परीक्षेत रिकाम्या जागा भरल्या, मार्क मिळाले, संपलं. तिकडे मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज आपल्या वर्गात बसलेली एटापल्लीची, सिरोंच्याची, गोंडपिपरीची मुलं बारा-बारा वर्षं इंग्रजी शिकून आली आहेत. तरी सेमिनारला उभं राहिलं की घशाला कोरड पडते. कारण तिथेही तोच घोकलेला नियम, फक्त बोलायची सवय कमी.

आता जरा गंमत बघा. हा गोंधळ फक्त आपलाच आहे का? आमच्या मजल्यावर सिरोंच्याकडची एक मैत्रीण आहे, तिच्या घरी तेलुगू. ती फोनवर आईला ‘इप्पुडे’ म्हणते. ‘इप्पुडे आले’ असंही आणि ‘इप्पुडे येते’ असंही! हिंदीतलं ‘अभी’ तसंच. ‘अभी आया’ म्हणून गेलेला माणूस एक तर येऊन बसलेला असतो, नाही तर तासाभराने उगवतो. बरं, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही. इंग्लंडमध्ये ‘जस्ट नाऊ’ म्हणजे क्षणभरापूर्वी, किंवा वाक्य वर्तमानकाळातलं असेल तर ‘या घडीला’. दक्षिण आफ्रिकेत मात्र कुणी ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘करीन थोड्या वेळाने, घाई नाही’ असा होतो! ‘प्रेझेंटली’चंही तसंच. जुन्या ब्रिटिश वापरात तो ‘थोड्याच वेळात’ आणि अमेरिकेत ‘सध्या’. तेव्हा ‘जस्ट नाऊ’ चुकलं म्हणून कुणाची अक्कल काढायचं काहीच कारण नाही.

मग करायचं काय? आधी आपल्याच घरातलं घड्याळ नीट बघू या. मराठीत जवळच्या भूतकाळासाठी किती शब्द आहेत, कधी मोजलेत?

‘आत्ताच’. आईचा फोन येतो, ‘जेवलीस का गं?’ आपण म्हणतो, ‘आत्ताच जेवले.’ इथे घड्याळ महत्त्वाचं नाही. पोट भरलेलं आहे, काळजी करू नको, हे सांगायचंय. झालेल्या गोष्टीचा परिणाम अजून हजर आहे. इंग्रजीत हेच ‘आय हॅव जस्ट ईटन’.

‘मघाशी’. ‘मघाशी सर तुला शोधत होते.’ म्हणजे आजच, थोड्या वेळापूर्वी. कालच्या गोष्टीला आपण कधीही ‘मघाशी’ म्हणत नाही. ती वेळ होऊन गेली, दार बंद झालं. सर आता निघूनही गेले असतील. इंग्रजीत ‘अ लिटल व्हाइल अगो’ किंवा ‘अर्लिअर’, आणि सोबत साधा भूतकाळ. इथे ‘हॅव’ लावायचा नाही.

‘नुकताच’. हा भारी शब्द आहे. नुकताच आला, नुकतीच आली, नुकतंच झालं, लिंगवचनाप्रमाणे बदलतो. क्रिया ताजी आहे एवढं सांगतो, पण किती ताजी ते सांगत नाही. तासाभरापूर्वीचं असेल तर इंग्रजीत ‘जस्ट’ बरा, आठवड्या-महिन्यापूर्वीचं असेल तर ‘रिसेंटली’.

‘परवा’. ‘परवा तो चंद्रपूरच्या बसस्टँडवर भेटला होता.’ हा ‘परवा’ दर वेळी दोन दिवसांपूर्वीचाच असतो असं नाही, चार-सहा दिवस मागेपुढे चालतं. इंग्रजीत यासाठी ‘द अदर डे’ असा आयता शब्द आहे, पण आपण तो वापरतच नाही.

‘हल्ली’ आणि ‘अलीकडेच’. ‘हल्ली फार डास झालेत’ म्हणजे काही दिवसांपासून चालू आहे, अजून संपलेलं नाही. हे ‘लेटली’. ‘अलीकडेच वायरिंग बदललं’ म्हणजे एकदा झालं आणि संपलं. हे ‘रिसेंटली’. एकदाच घडून गेलेल्या गोष्टीला ‘लेटली’ लावला की कानाला खटकतं, ‘हल्ली वायरिंग बदललं’ खटकतं अगदी तसंच! ज्याला मराठीतला फरक कळतो त्याला इंग्रजीतला कळायला पाच मिनिटं पुरतात.

आणि आपल्या वैदर्भी बोलीचं काय? ‘मी जेवून राहिलो ना बावा’ म्हटलं की पुण्या-मुंबईकडची मंडळी गालातल्या गालात हसतात. पण या क्षणी क्रिया चालू आहे, हे सांगायला ‘जेवून राहिलो’ किती नेमकं आहे! इंग्रजीतलं ‘आय ॲम ईटिंग’ नेमकं तेच सांगतं. ‘मी जेवतो’ या वाक्यातून आत्ता जेवतो की रोज जेवतो की जेवणार आहे, काहीच कळत नाही. म्हणजे ज्या बोलीला आपण गावंढळ म्हणून लपवतो, ती या बाबतीत पुस्तकी मराठीपेक्षा इंग्रजीच्या जास्त जवळ आहे.

तर थोडक्यात, इंग्रजी वाक्य तोंडातून काढण्याआधी स्वतःला मराठीत दोन प्रश्न विचारायचे. पहिला : मी वेळ सांगतोय की परिणाम? ‘काल’, ‘मघाशी’, ‘10 वाजता’, ‘2023 मध्ये’ असं काही सांगत असू तर दार बंद, साधा भूतकाळ. म्हणून ‘आय पास्ड ट्वेल्थ इन 2023’, तिथे ‘हॅव’ नको. परिणाम सांगत असू, म्हणजे काम झालंय, किल्ली हरवलीय, माणूस आलाय, तर दार उघडं, ‘हॅव’ आणि ‘जस्ट’. दुसरा प्रश्न : किती जुनं? मिनिटं असतील तर ‘जस्ट’, दिवस-आठवडे असतील तर ‘रिसेंटली’, आणि अजून चालूच असेल तर ‘लेटली’.

‘जस्ट नाऊ’ कुठे बसतो मग? ब्रिटिश पद्धतीच्या व्याकरणात त्याचा अर्थ ‘क्षणभरापूर्वी’, म्हणजे वेळ सांगितली, म्हणजे साधा भूतकाळ : ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’. भारतात ‘ही हॅज लेफ्ट जस्ट नाऊ’ सर्रास बोललं जातं आणि सगळ्यांना समजतंही. पण परीक्षेत आणि लेखी अर्जात टाळलेलं बरं. अमेरिकन माणूस तर ‘हॅव’सुद्धा गाळतो आणि ‘आय जस्ट एट’ म्हणून मोकळा होतो. तेही चूक नाही. सिनेमात ऐकलेलं आणि पुस्तकात वाचलेलं जुळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, देश वेगळा एवढंच.

ही मराठीवरून इंग्रजीकडे जायची वाट काही मी शोधलेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजीत करायचं, पुन्हा मराठीत आणायचं. मधल्या काळात ‘इंग्रजीतच विचार करा’ असा मंत्र आला आणि मराठीचा आधार घेणं म्हणजे कमीपणा असं वाटायला लागलं. माझं म्हणणं, शब्दाला शब्द ठेवणारं भाषांतर नकोच, त्यानेच ‘आत्ता’चा ‘जस्ट नाऊ’ झालाय. पण अर्थ आधी आपल्या भाषेत पक्का करून मग दुसऱ्या भाषेत जाणं यात लाज कसली?

आता कामाचं बोलू. मी इलेक्ट्रिकलची, म्हणून माझ्या ब्रँचचं उदाहरण देते. लाईनवर काम करायचं असेल तर सबस्टेशनमधून पुरवठा बंद करून ‘लाईन क्लिअर’ घ्यावं लागतं. ते लेखी असतं, त्यावर वेळ असते, आणि काम संपल्यावर ते परतही लेखी करायचं असतं. तरी खांबावर चढण्याआधी लाईन तपासायची आणि अर्थिंग करायचं. एवढी कटकट का? विचार करा. भामरागडच्या बाजूला रानातली लाईन आहे, पाऊस पडतोय, फोनला रेंज धड नाही. खांबाखालचा माणूस विचारतो, ‘बंद केली का?’ तिकडून खरखरत उत्तर येतं, ‘आत्ता बंद...’ आणि आवाज तुटतो. आत्ता बंद केली? की आत्ता बंद करतो? मघाशी म्हटलं ना, मराठीत दिशा क्रियापद सांगतं. इथे नेमकं क्रियापदच गायब! मधल्या त्या एका शब्दावर माणूस जिवंत राहणार की नाही ते ठरतं. म्हणून तिथे ‘आत्ता’ चालत नाही आणि ‘जस्ट नाऊ’ही चालत नाही. तिथे ‘11 वाजून 20 मिनिटांनी बंद केली’ असंच लागतं.

जंगलातही तेच. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात. त्या वेळी ‘वाघ दिसला’ एवढी बातमी पुरत नाही, कधी दिसला ते लागतं. जाणता माणूस पाऊलखुणेची कड बघतो. कड धारदार आहे की ढासळलीय, ठशावरून किड्यामुंग्यांची वाट गेलीय का, हे बघून तो ‘आत्ताच गेला’, ‘रात्री गेला’ की ‘कालचा आहे’ ते सांगतो. त्याच्या मराठीतल्या त्या तीन शब्दांवर मागची बायामाणसं पुढे जायचं की परतायचं ते ठरवतात. आणि हे काही फक्त दूरच्या गावातलं नाही. 2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. आज आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘वाघ आत्ताच दिसला, सावध राहा’ असा मेसेज येतो, तो दिवसभर फॉरवर्ड होत राहतो, आणि रात्री दहा वाजताही तो ‘आत्ताच’च असतो! खरा धोका कुठे आणि कधी, कुणालाच पत्ता नाही.

‘नुकताच’चीही तीच गत. माझे आजोबा अजूनही म्हणतात, ‘गडचिरोली जिल्हा परवा-परवा तर झाला!’ तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला. आजोबांच्या घड्याळात ते परवाच. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात ‘रिसेंट’ नावाचा काळ आहे, तोच ज्याला होलोसीन म्हणतात. तो सुमारे 11,700 वर्षांचा आहे! आणि सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनोसॉरचे जीवाश्म सापडले, त्या काळाच्या हिशोबाने तर हाही चुटकीसरशी. मग मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये ‘बेअरिंग रिसेंटली चेंज्ड’ असं लिहिलं तर पुढच्या शिफ्टच्या माणसाने काय समजायचं? कालचं? गेल्या महिन्यातलं? की होलोसीनमधलं?

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण एका सेमिनारमधला प्रसंग. (कुठला, कुणाचा, ते जाऊ द्या.) मराठी शाळेतून आलेला एक मुलगा प्रोजेक्टबद्दल सांगत होता. म्हणाला, ‘सर, मोटर हॅज स्टॉप जस्ट नाऊ.’ वर्ग हसला. हसण्यात वेळ गेला, तो लाल झाला आणि खाली बसला. पण मोटर खरंच बंद पडली होती! कधी पडली, तेव्हा करंट किती होता, आधी आवाज आला होता का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. ते सगळं त्याला माहीत होतं, कारण सकाळपासून मोटरशेजारी तोच बसलेला होता. व्याकरण सुधारायला दोन मिनिटं लागली असती. त्याची गेलेली हिंमत परत यायला पुढची दोन सेमिस्टर लागतील. इंग्रजी येणाऱ्यांनी हसून नक्की काय मिळवलं, हा प्रश्न मी माझ्यासारख्या सगळ्या कॉन्व्हेंटवाल्यांना विचारते.

काहीजण म्हणतील, ‘कंपनीवाले तर इंग्रजीच बघतात, तिथे लाड कोण करणार?’ बरोबर आहे. म्हणूनच शिकायला हवं, आणि नीट शिकायला हवं. मी ‘चुकलं तरी चालतं’ असं म्हणत नाहीये. मी म्हणतेय की शिकवण्याची सुरुवात हसण्याने होत नाही. ज्याला ‘मघाशी’ आणि ‘नुकताच’ यातला फरक न शिकवता कळतो, त्याला ‘अर्लिअर’ आणि ‘रिसेंटली’ यातला फरक दाखवायला आपल्याला जमलं नाही, तर कमी पडलो ते आपण.

माझ्या दोन साध्या सूचना आहेत. पहिली, रात्री मेसनंतर पंधरा मिनिटं. दोघं-तिघं मिळून त्या दिवशी घडलेल्या पाच गोष्टी आधी मराठीत सांगायच्या, ‘आत्ताच, मघाशी, नुकतंच, परवा, हल्ली’ हे पाचही शब्द वापरून. मग त्याच इंग्रजीत. चुकलं तर दुसऱ्याने सांगायचं, तिसऱ्याने हसायचं नाही. पुस्तक नको, क्लास नको, फी तर नकोच! दुसरी सूचना लॅबसाठी, आणि ही सर-मॅडमनाही नम्र विनंती. जर्नलमध्ये आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये ‘जस्ट नाऊ’, ‘रिसेंटली’ हे शब्द बंदच करावेत. त्याऐवजी तारीख आणि वेळ. वाघाच्या मेसेजलाही हाच नियम लावू या : वेळ नाही, तर फॉरवर्ड नाही.

बोलताना मात्र ‘आत्ता’ला खुशाल मोकळं सोडा. आईला ‘आत्ताच जेवले’ सांगायला घड्याळ लागत नाही. पण अंगावर गणवेश चढला, हातात टेस्टर आला आणि समोरचा माणूस आपल्या शब्दावर विसंबून खांबावर चढायला निघाला, की त्याला ‘11:20’ सांगता आलं पाहिजे, मराठीतही आणि इंग्रजीतही.

बघा, पटतंय का. आणि हो, ‘आत्ता करू’ असं म्हणू नका. आज रात्री 9 वाजता करू!

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी